वांझपणाचा निकाल दिला कुणी?

कॅन्सरमधून वाचून घरी आलेल्या तरुण बाईला सासरी लवकरच एक प्रश्न ऐकावा लागतो. आता मूल होईल का? बहुतेक वेळा उत्तरही सासरच देऊन मोकळे होते. जिवतीच्या डोंगरातील बाईने विचारावे तरी कुणाला? गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर करत नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात पोचेपर्यंतच मजुरी बुडते.

स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे तो घटवतात. किती घटतो, हे औषधाच्या मात्रेवर आणि बाईच्या वयावर अवलंबून असते. ओटीपोटावर किरणोपचार झाले असतील तर गर्भाशयालाही इजा होते. उरलेल्या साठ्याचा अंदाज एएमएच या रक्ततपासणीने आणि सोनोग्राफीने घेता येतो. पण केमो संपताच केलेली एएमएच तपासणी फार खाली दिसते. काही जणींची पुढच्या वर्षभरात वर येते. ती साठा सांगते, दिवस राहणारच नाहीत असे सांगत नाही. पाळी परत आली म्हणजे सारे पूर्ववत झाले, असेही नाही. आणि पाळी बंद आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूकच.

हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 13 मध्ये मूल न होणे हे घटस्फोटाचे कारण नाही. तरी नवरा बाईला माहेरी धाडतो, दुसरी आणतो, पंच माना डोलावतात. आधार काय, तर लॅबची एक चिठ्ठी! आपल्या वस्त्यांत हे घडत नाही, असे कुणी छातीठोक सांगावे.

मोठा अन्याय त्याआधीच झालेला असतो. केमोपूर्वी स्त्रीबीजे गोठवून ठेवता येतात. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. हे किती जणींना सांगितले जाते? उपचाराचे धोके व पर्याय पुरेसे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात 2008 साली बजावले आहे. सांगितले तरी पैसा कुठून आणावा? आयुष्मान भारत योजनेत कॅन्सरचा उपचार बसतो, वंध्यत्वाचा वगळला आहे. बाबासाहेबांच्या पक्षाने 1938 साली मुंबई विधिमंडळात रोहम यांच्यामार्फत संततिनियमनाचा ठराव मांडला. मूल नको म्हणण्याचा हक्क मागणाऱ्या चळवळीने मूल हवे म्हणणाऱ्या गरीब बाईचा हक्कही मागितला पाहिजे.

तोवर एवढे करा. पहिल्या केमोआधीच डॉक्टरांना हा प्रश्न विचारा, आणि सुट्टी होताना औषधांची नावे व मात्रा लिहून घ्या. पुढे तपासणारा डॉक्टर तोच कागद आधी मागेल.