धातूवर कोरलेले नाव

देहूरोड हे पुणे-मुंबई लोहमार्गावरील एक स्थानक. लष्कराच्या कोठारांमुळे ते नावारूपास आले. त्याच्या एका अंगास पिंपरी-चिंचवडचे आणि इंद्रायणीपलीकडे चाकणचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतून एकाच साच्याच्या असंख्य वस्तू रोज बाहेर पडतात. त्यांतील कोणत्याही दोन वस्तू शेजारी ठेवल्या, तर त्यांत भेद सापडू नये, यातच कारखान्याचे कौशल्य आहे. परंतु तीच वस्तू घरी आली, की माणसाला नेमके उलटे हवे असते. ती हजारांतही आपली म्हणून ओळखू यावी, अशी त्याची इच्छा असते. ही इच्छा पुरी करण्याचा एक फार जुना उपाय म्हणजे त्या वस्तूवर हाताने नाव कोरणे.

महाराष्ट्रात ही रीत घराघरांतील भांड्यांवर दिसते. जुन्या पितळी पातेल्याच्या काठाखाली किंवा तांब्याच्या गळ्यापाशी बारीक टिंबांनी काढलेली अक्षरे असतात. त्यांत कधी घरधन्याचे नाव असते, कधी गावाचे, कधी लग्नाची तारीख, तर कधी दिवंगत आजीआजोबांचे स्मरण. कासाराच्या दुकानात भांडे घेतले, की त्यावर तेथेच नाव घालून मिळे. ही केवळ हौस नव्हती. पूर्वी लग्नकार्यात शेजारपाजारच्या घरांतून पातेली, पराती आणि तपेली मागून आणीत. पंगती उठल्यावर घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांच्या राशीतून ज्याचे भांडे त्याला परत द्यायचे, तर नावासारखा सोपा उपाय दुसरा नसे.

सैनिकाच्या जीवनात तर या नावाचे मोल अधिकच. पहिल्या महायुद्धात लढलेल्या हिंदी सैनिकांना पुढे जी युद्धपदके मिळाली, त्यांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण ही उमटवलेली असत. पदकाचे रूप लक्षावधी लोकांना सारखेच होते. पण कडेवरील त्या एका ओळीमुळे ते एका माणसाचे होई. सैनिक परत न आला, तरी त्याच्या घरच्यांच्या हाती त्याचे नाव उरे.

धातूवर अक्षर उमटवण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला ठोकण्याचा. यात टोकदार पोलादी छिन्नी भांड्यावर टेकवून तिच्यावर लहान हातोडीने हलके घाव घालतात. प्रत्येक घावाबरोबर एक टिंब उमटते आणि टिंबांच्या रांगेतून अक्षर तयार होते. दुसरा ठशाचा. यात पोलादी ठशावर आधीच घडवलेले संपूर्ण अक्षर एका घावात धातूवर उमटते. या दोन्ही प्रकारांत धातू दबतो, पण नाहीसा होत नाही. तिसरा प्रकार खऱ्या कोरण्याचा. यात तिरप्या धारेची पोलादी कोरणी हाताने पुढे रेटतात. तिच्यापुढे धातूचा बारीक कीस वळत वळत निघतो आणि मागे चकचकीत खाच राहते.

कोरणीचे पोलाद तापवून व विझवून कठीण केलेले असते, म्हणूनच ते पितळेला किंवा तांब्याला कापू शकते. पण सारे रहस्य तिच्या कोनात आहे. कोरणी फार आडवी धरली, तर ती वरूनच घसरते आणि पृष्ठभागावर नको तो ओरखडा उठतो. ती फार उभी धरली, तर टोक खोल रुतते आणि पुढे सरकत नाही. म्हणून कुशल कारागीर कोरणीची मूठ तळहातात बसवतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्या आड ठेवतो. हात निसटू लागला, तर हा अंगठा तिला आवरतो. वळणदार रेघ काढताना तो कोरणी फारशी फिरवत नाही. वस्तूच सावकाश फिरवतो. देवनागरीत शिरोरेषा आणि काना या सरळ रेघा असल्या, तरी ‘ळ’ किंवा ‘क्ष’ यांच्या वळणांत हाताची खरी परीक्षा होते.

याच कसबाने मराठी मुलखाला छापील पोथ्या दिल्या. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणिसांच्या प्रोत्साहनाने पुण्यातील एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्यास शिकला. नाना १८०० साली वारले. पुढे त्या तांबटास मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांचा आश्रय मिळाला आणि कोरलेल्या पत्र्यांवरून १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. छापण्याच्या पत्र्यावर अक्षरे उलटी कोरावी लागतात, कारण कागदावर ती आरशातल्याप्रमाणे फिरून उमटतात. त्यानंतर खिळ्यांची छपाई पसरली. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या देखण्या खिळ्यांमागे राणोजी रावजी आरू यांची कोरणी होती. पोलादाच्या तुकड्यावर उलटे अक्षर कोरायचे, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात शिशाच्या मिश्रधातूचे खिळे ओतायचे, असा तो क्रम होता. एका हाताने एकदा कोरलेले अक्षर अशा रीतीने असंख्य वाचकांच्या डोळ्यांसमोर गेले.

आता ही कला एका नव्या वस्तूकडे वळवून पाहू. कॅमेरा ही कारखान्यातील अत्यंत नेमकी घडण. एका नमुन्याचे सर्व कॅमेरे सारखे दिसतात. निराळा असतो तो फक्त त्यांवरील क्रमांक. म्हणून काही छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्यावर आपले नाव किंवा एखादी वेल हाताने कोरून घेतात. भांड्यावरचे नाव आणि कॅमेऱ्यावरचे नाव यांचा हेतू एकच असला, तरी काम मात्र एकसारखे नाही.

प्रथम धातू पाहावा लागतो. अनेक जुन्या कॅमेऱ्यांचा वरचा पत्रा पितळेचा असून त्यावर क्रोमियमचा पातळ थर चढवलेला असतो. पितळ कोरण्यास उत्तम. पण क्रोमियम अतिशय कठीण असल्यामुळे कोरणीची धार लवकर बोथट होते आणि खाचेच्या काठावर थराचे कपचे उडण्याचा संभव असतो. नव्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा मॅग्नेशियमची मिश्रधातू किंवा प्लॅस्टिक वापरतात. मॅग्नेशियमचा बारीक कीस सहज पेट घेतो, तर प्लॅस्टिकवर स्वच्छ कीस निघणे अवघड असते. म्हणून प्रत्येक कॅमेरा कोरण्याजोगा असतोच असे नाही.

दुसरी काळजी आतल्या यंत्राची. कॅमेऱ्यातील शटर सेकंदाच्या लहानशा अंशात उघडते आणि मिटते. त्यात धातूचा एक कण शिरला, तरी ते अडकू शकते. हातोडीच्या घावांनी भिंगांची मांडणी हलू शकते. यासाठी जाणकार दुरुस्तीकार आधी वरचा पत्रा सोडवून देतो. मग कारागीर तो पत्रा मऊ केलेल्या लाखेत बसवतो. लाख थंड होऊन घट्ट झाली, की पत्रा हलत नाही आणि खालून त्याला सर्वत्र आधार मिळतो. त्यावर पांढरा रंग फासून बारीक टोकाने नाव रेखले जाते आणि मगच कोरणी चालते. कोरलेल्या खाचेत काळा रंग भरला, म्हणजे अक्षरे उठून दिसतात. जुन्या भिंगांच्या कड्यांवरील आकडेही असेच कोरून रंगाने भरलेले असत. शेवटी सारा कीस झटकून, पत्रा धुऊन व वाळवून पुन्हा जागी बसवतात. कारखान्याने घातलेला क्रमांक मात्र कधीही पुसू नये. कॅमेरा चोरीस गेला, तर कोरलेले नाव आणि तो क्रमांक ही दोन्ही मालकाच्या बाजूने साक्ष देतात.

आज यंत्राच्या साहाय्याने काही मिनिटांत नाव कोरून मिळते. लेसरच्या किरणांनी उमटवलेली अक्षरे शंभर वस्तूंवरही अगदी एकसारखी येतात. जेथे वेग आणि सारखेपणा हवा, तेथे यंत्रच योग्य. हाताने कोरलेल्या दोन अक्षरांत मात्र थोडा फरक राहतो. कोठे रेघ किंचित जाड होते, कोठे वळण थोडे सैल पडते. ज्या वस्तूला सारखेपणातून बाहेर काढायचे आहे, तिच्यावर हा फरक दोष ठरत नाही. तोच तिची खूण होतो.

मात्र एक गोष्ट हात आणि यंत्र दोघांनाही लागू आहे. कागदावर चुकलेले अक्षर खोडता येते. धातूतून निघालेला कीस पुन्हा जागेवर बसत नाही. ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ पडली, तर ती वस्तू असेपर्यंत तशीच राहते. म्हणून चांगला कारागीर कोरणी हाती घेण्यापूर्वी नाव कागदावर लिहून घेतो, ते मोठ्याने वाचून दाखवतो आणि मालकाची संमती मिळाल्यावरच पहिला कीस काढतो. नंतर त्या घरातील नातवंडे पातेले घासताना किंवा कॅमेरा हाताळताना ती अक्षरे बोटांनी चाचपून पाहतील. त्यांतील कोणी ते नाव धारण करणाऱ्यास कधी पाहिलेलेही नसेल. तेव्हा त्या माणसाची साक्ष देणारी कदाचित ती एकच ओळ उरलेली असेल. ती शुद्ध असावी, एवढ्यासाठी ही सारी सावधगिरी.