घोटा वाजतो तेव्हा

मंडळी, आत्ता जिना चढून वर येताना माझा उजवा घोटा वाजला. कट्. पुढच्या रांगेत ऐकूही आला असेल. तीन वर्षांपूर्वी हाच आवाज ऐकून मी घाबरलो, हाड झिजलं असं स्वतःच ठरवलं आणि सकाळचं फिरणं चार महिने बंद ठेवलं. पोटऱ्या ढिल्या पडल्या, तोल जायला लागला. आवाज होता तसाच राहिला. जन्मभर मुलांना अनुमान शिकवलं आणि स्वतःच्या पायापाशी आल्यावर विसरलो!

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात, कारण जिथे धूर तिथे अग्नी असतोच. याला व्याप्ती म्हणतात. आता 'जिथे आवाज तिथे झीज' अशी व्याप्ती आहे का? नाही. मी लांबून धुकं पाहिलं आणि धूर समजलो.

मग वाजतं काय? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, त्यात वायू विरघळलेले असतात. सांधा ताणला की आतला दाब उतरतो आणि पोकळी तयार होते. आवाज ती पोकळी होताना येतो की फुटताना, यावर शास्त्रज्ञ भांडत आलेत. 1971 साली म्हणाले फुटताना. 2015 मध्ये कॅनडात बोटाच्या सांध्याचं चलत्-चित्र एमआरआयमध्ये घेतलं, तेव्हा ती होताना दिसली. वाद अजून मिटलेला नाही. बोट एकदा मोडलं की लगेच पुन्हा मोडत नाही, साधारण वीस मिनिटं थांबावं लागतं, हे तर तुम्हीही करून पाहिलंय.

पण माझा घोटा दर पायरीला वाजतो, म्हणजे हे प्रकरण वेगळं. बाहेरच्या घोट्याच्या हाडामागून स्नायूंच्या दोन दोऱ्या खाली पावलात जातात. त्यांना जागेवर धरणारी पट्टी, बहुधा जुन्या मुरगळण्यामुळे, सैल झाली की दोरी हाडावरून घसरते. हाडामागे बोट ठेवून पाऊल गोल फिरवा, घसरणं बोटाला कळतं. डॉक्टरांनी मला हेच दाखवलं आणि विचारलं, "दुखतं का?" म्हटलं, नाही. "मग चाला." दुखत असतं तर गोष्ट निराळी, कारण घासून दोरी चिरू शकते. करकर आवाज, सोबत सकाळचा ताठरपणा आणि सूज असेल तर मात्र झीज तपासावी. घोट्याची झीज गुडघ्यासारखी नुसत्या वयाने सहसा होत नाही, बहुतेकदा मागे जुनी दुखापत असते.

आता उलटी बाजू. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा: अग्नी आहे, धूर नाही. गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या पायरीवर हिचा पाय मुरगळला. मी विद्वान! विचारलं, "काही वाजलं का?" नाही म्हणाली. "मग हाड शाबूत आहे." आंबेहळदीचा लेप लावून ती बिचारी दोन दिवस लंगडत स्वयंपाक करत होती. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, बाहेरच्या हाडाला तडा. ती काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी साधे नियम मांडले. घोट्यापाशी दुखतंय, आणि दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकाला किंवा मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटीमीटरमध्ये, दाबल्यावर कळ येते का? किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत का? यातलं एक जरी खरं असेल तर एक्स-रे. आवाजाबद्दल त्यात एक अक्षर नाही. ही लंगडत चालत होती, पण मी तिथे बोट ठेवून दाबलं असतं तर किंचाळली असती.

एक आवाज मात्र मनावर घ्या. पळताना किंवा उडी मारताना टाचेच्या वर 'फट्' होतं, मागून कुणी लाथ मारली असं वाटून माणूस वळून बघतो, तर मागे कुणीच नसतं. टाचेची जाड दोरी तुटलेली असू शकते. दुखणं लवकर कमी होतं म्हणून लोक घरी बसतात. तसं करू नका, त्याच दिवशी दाखवा.

चला, प्रश्न घेऊ. त्या काकू मघापासून हात वर करून बसल्यात.