तडजोडीचा जमाखर्च

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यामुंबईच्या सुशिक्षित समाजात सुधारक आणि सनातनी यांचा जो प्रदीर्घ वाद चालला, तो आपण बहुधा संग्राम म्हणूनच वाचत आलो आहो. परंतु १८७० ते १८९६ या काळाचे दप्तर शांतपणे चाळले असता असे दिसते की, जितके प्रसंग भांडणाचे तितकेच तडजोडीचेही होते, आणि त्या तडजोडींचा जमाखर्च मांडताना कोणी काय सोडले यापेक्षा जे सोडले ते कोणाचे होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

१८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह सरकारदरबारी मान्य झाला होता, पण पंक्तीत आणि माजघरात त्या कायद्याचा अंमल पोचला नव्हता. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने १८६९ मध्ये मुंबईत असा विवाह लागला, तेव्हा पुरस्कर्त्यांवर बहिष्कार पडला. आणि पुढल्या वर्षी शंकराचार्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात जो वादविवाद झाला, त्याचा निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. तथापि उभय पक्षांनी एकच पीठ आणि एकच प्रमाणग्रंथ मानून समोरासमोर बसावे, ही गोष्ट सामान्य नव्हती. हरलेल्या पक्षाला निदान आपले म्हणणे भरसभेत मांडता आले होते.

तीनच वर्षांनी न्यायमूर्ती रानड्यांची प्रथम पत्नी निवर्तली, आणि आता हे विधवेशी विवाह करतील अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांना, पित्याच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेचे पाणिग्रहण केलेले पाहावे लागले. या तडजोडीने सुधारणापक्षाची नाचक्की झाली. मात्र रानड्यांनी या पत्नीला, रमाबाईंना, घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करून शिकवले, आणि त्याच रमाबाईंनी पुढे पुण्याचे सेवासदन उभे केले, हेही त्याच खात्यावर नोंदले पाहिजे.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जो चहा पुढे आला, त्याने तर सनातनी आणि सुधारक हा भेदच काही काळ पुसला, कारण गोपाळराव जोशी यांनी प्रसिद्ध करविलेल्या उपस्थितांच्या यादीत टिळक आणि रानडे हे दोघेही होते. ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांनी चौकशी नेमली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले, आणि सोबत्यांच्या कुटुंबांचा कोंडमारा पाहून रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. कडव्या सुधारकांनी त्यांना भित्रे ठरवले. १८९५ मध्ये पुण्यात राष्ट्रीय सभा भरली, तेव्हा तिच्या मंडपात सुधारकांची सामाजिक परिषद भरू देण्यास विरोध झाला, आणि हट्ट न धरता रानड्यांनी ती अन्यत्र भरवली. या दोन्ही प्रसंगी त्यांनी जे सोडले ते स्वतःचे होते: एकदा स्वतःची प्रतिष्ठा, एकदा स्वतःच्या परिषदेचा मान.

धोंडो केशव कर्व्यांचे उदाहरण याच जातीचे. १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह करून त्यांनी मुरुडच्या ग्रामस्थांचा बहिष्कार सोसला. पण १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढताना त्यांनी त्यास पुनर्विवाहाच्या प्रचारापासून अलग ठेवले, जेणेकरून जुन्या वळणाच्या घरांतूनही विधवा मुलगी शिक्षणासाठी धाडता यावी. आपल्या मताचा आग्रह त्यांनी दाराबाहेर ठेवला, म्हणून ते दार अनेकींसाठी उघडे राहिले.

संमतिवयाच्या प्रकरणी मात्र हिशेब निराळा लागतो. दहा वर्षांची मर्यादा बारावर नेणारा कायदा मार्च १८९१ मध्ये मंजूर झाला. डॉ. भांडारकर त्यास शास्त्राधार दाखवीत होते. टिळकांची हरकत अशी की, परकीय सरकारने धर्माचारात हात घालू नये. त्याआधी, १८९० मध्ये, टिळकांनी स्वतःच एक मसुदा पुढे केला होता: मुलीचा विवाह सोळा वर्षांपूर्वी आणि मुलाचा वीस वर्षांपूर्वी करू नये, विधवेचे केशवपन करू नये, हुंडा घेऊ नये, आणि हे सर्व स्वाक्षरी करणाऱ्यांनी आपल्यापुरते आधी बांधून घ्यावे. अंतिम साध्याविषयी अंतर फारसे नव्हते. साधन कोणते, यावर मात्र उभयतांचे जमले नाही. सुधारकांनी प्रतिज्ञापत्राचे साहस केले नाही, विरोधकांनी कायद्यास संमती दिली नाही, आणि मुलीच्या वाट्यास बारा हा आकडा आला, जो ठरवताना तिला कोणी विचारले नव्हते. केशवपनाविषयी विद्वानांचे पक्ष-प्रतिपक्ष चालू असताना, त्याच १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला, ही गोष्ट या जमाखर्चात मुद्दाम ठळक अक्षरात लिहिण्याजोगी आहे. कारण त्यांनी शास्त्रार्थ न करता आपल्या हाताखालचे तेवढे पाप थांबवले.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरवले. म्हणजे ज्या सोळाचा प्रस्ताव एका सनातनी म्हणवल्या जाणाऱ्या पुढाऱ्याने केला होता, तेथे एकोणचाळीस वर्षांनीही कायदा पोचला नव्हता. सहिष्णुता म्हणजे प्रतिपक्षास बोलू देणे, एवढ्यावर जे थांबतात त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा: प्रतिपक्षाच्या प्रस्तावातील जे ग्राह्य ते तत्काळ घेऊन टाकण्याचे औदार्य दोन्हीकडे असते, तर दोन पक्षांच्या मानापमानाचे व्याज इतक्या मुलींना भरावे लागले नसते.