कॅम्पर व्हॅनच्या टपावरील सौरपॅनेल : काही रूढ गैरसमज

गाडीतच निजण्याची, स्वयंपाकाची आणि चार दिवसांच्या मुक्कामाची तजवीज करून भ्रमंतीला निघणाऱ्यांची संख्या आपल्याकडे हळूहळू वाढत आहे, आणि महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या हौसेला काहीशी राजमान्यताही लाभली आहे. अशा गाडीच्या टपावर आरंभी बसविलेले शंभर वॅटचे पॅनेल दिव्यांना आणि पंख्याला पुरते. परंतु पुढे बारा व्होल्टचा फ्रिज आला, लॅपटॉप आला, की ते तोकडे पडते आणि मालक मोठ्या पॅनेलच्या शोधात बाजार गाठतो. या वळणावर पैसा वाया जातो तो बहुधा ऐकीव समजुतींपायी, म्हणून त्यांची एकवार छाननी करणे मला अगत्याचे वाटते.

चारशे वॅटचे पॅनेल चारशे वॅट वीज देते, ही समजूत सर्वांत रूढ. पॅनेलच्या पाठीवर छापलेला आकडा हा दर चौरस मीटरला 1000 वॅट प्रकाश आणि घटाचे तापमान 25 अंश सेल्सिअस, अशा प्रयोगशाळेतील प्रमाणित परिस्थितीचा असतो. वैशाखातल्या दुपारी टपावरील घट मात्र 60 अंशांच्या घरात सहज पोहोचतो, आणि सिलिकॉनच्या घटाची शक्ती दर अंशामागे सुमारे 0.35 टक्क्यांनी उतरत असल्यामुळे निव्वळ उष्णतेपायी बारा टक्क्यांची तूट पडते. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, हा समजही येथेच निकालात निघतो. कारण वीज निर्माण होते ती प्रकाशापासून, आणि उष्णता त्या कार्यात केवळ व्यत्यय आणते. लवचीक पॅनेल पत्र्याला सपाट चिकटविणे दिसावयास सुबक आणि वजनास हलके असले, तरी त्याखालून वारा खेळत नसल्याने ते अधिक तापते आणि त्याचे आयुष्यही घटते; काचेचे पॅनेल टपापासून तीन-चार सेंटीमीटर उचलून बसविणे, माझ्या मते, आपल्या हवामानात केव्हाही श्रेयस्कर. एवढे सगळे वजा जाता चारशे वॅटचे पॅनेल उन्हाळ्याच्या निरभ्र दिवशी दीड युनिटच्या आसपास वीज देते. त्यात छोट्या फ्रिजचे दिवसाकाठचे अर्धे युनिट आरामात भागते. वातानुकूलन यंत्र मात्र तेवढी वीज तास-दीड तासात फस्त करते.

पॅनेल कलते केल्यावाचून उपयोग नाही, असे सांगणारे बरेच भेटतात. हा उपदेश युरोपात खरा आहे, कारण फ्रँकफुर्टला डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 16 अंश वर येतो. पुण्यास त्याच दिवसांत तो 48 अंशांवर असतो, आणि मे ते ऑगस्ट या काळात तर महाराष्ट्रातील प्रत्येक गावाच्या तो दोनदा थेट माथ्यावर येतो. तेव्हा सपाट पॅनेलचे नुकसान हिवाळ्याच्या भर दुपारी चतुर्थांशाएवढे आणि उन्हाळ्यात नगण्य असते. त्यासाठी बिजागऱ्यांचा खटाटोप कशाला करावा?

पण ज्या गैरसमजाची किंमत सर्वांत जड पडते तो सावलीविषयीचा. एखाद्या कोपऱ्यावर सावली पडली तर तेवढ्याच भागाची वीज जाईल, असे सामान्य बुद्धीला वाटते. परंतु पॅनेलमधील घट एकसर जोडलेले असल्यामुळे झाकलेला एक घट साऱ्या रांगेची धारा अडवून धरतो, अरुंद पुलावर एक बैलगाडी रुतली की मागची सारी रहदारी खोळंबते त्याप्रमाणे. घटांच्या गटांना वळसा देणारे डायोड पॅनेलमध्ये बसविलेले असतात खरे, पण ते कार्यान्वित होताच तो गट हिशेबातून बाद होतो. तीन डायोडांच्या पॅनेलवर आंब्याचे एक पान पडले तरी तिसरा हिस्सा गमवावा लागतो. म्हणून टपावरील हवाझरोका, सामानाचे कॅरिअर आणि वातानुकूलन यंत्राची पेटी यांची सावली दिवसभरात कोठे फिरते हे आधी पाहावे, आणि मगच पॅनेलची जागा मुक्रर करावी.

जुन्या पॅनेलला नवे जोडले की क्षमतांची बेरीज होते, हेही सरसकट खरे नाही. एकसर जोडणीत सर्वांत दुबळ्या पॅनेलची धारा सर्वांवर लादली जाते, तर समांतर जोडणीत विभवांतरे जुळावी लागतात. जुने शंभर वॅटचे पॅनेल 18 व्होल्टवर आणि घराच्या गच्चीसाठी बनविलेले मोठे पॅनेल 30 व्होल्टच्या वर चालत असेल, तर दोघांना बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा स्वतंत्र कंट्रोलर देणे हाच निर्वेध मार्ग. कंट्रोलरच्या निवडीतही स्वस्ताईचा मोह घातक ठरतो. पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या विभवांतरापर्यंत खाली ओढतो, त्यामुळे 18 व्होल्टच्या पॅनेलची चतुर्थांश आणि 30 व्होल्टच्या पॅनेलची निम्म्याहून अधिक शक्ती फुकट जाते. एमपीपीटी कंट्रोलर ती वाचवितो. लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे, की थंडीत पॅनेलचे विभवांतर वाढते आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास कायमची बिघडते.

बसवणीच्या बाबतीत दोन पक्ष आहेत : चिकटद्रव्यावर कोणाचा विश्वास नाही, तर कोणाला पत्र्यास छिद्र पाडणे म्हणजे गंजाला आमंत्रण वाटते. चांगले पॉलियुरेथेन सीलंट स्वच्छ पृष्ठभागावर असामान्य बळकट बसते, मात्र ते धरून ठेवते गाडीच्या रंगाला, आणि रंगच पापुद्र्यांनी सुटू लागला असेल तर पॅनेल त्याच्यासकट निघते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. समृद्धी महामार्गावर ताशी 100 किलोमीटर वेगाने जाताना समोरून अडविलेल्या दर चौरस मीटरवर तो सुमारे 47 किलो भरतो, आणि पॅनेलच्या पुढच्या कडेखाली वारा शिरल्यास तोच दाब त्याला वर उचलू पाहतो. म्हणून दोन चौरस मीटरच्या जड पॅनेलसाठी मी कॅरिअरला नटबोल्टांनी आवळलेली बसवणी पसंत करीन; छिद्र पाडावेच लागले तर उघड्या कडेला रंग व सीलंट लावल्याखेरीज बोल्ट घालू नये. जोडणी करताना कंट्रोलरला प्रथम बॅटरी आणि नंतर पॅनेल लावावे, सोडविताना याच्या उलट, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असलाच पाहिजे. नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करावयाचा असेल, तर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ची तरतूद पाहून परिवहन कार्यालयाशी आधी बोलावे.

पॅनेल वाढविले म्हणजे बारमाही चिंता मिटली, हा समज कोकणातला आषाढ दोन दिवसांत दूर करतो. ढगांनी भरलेल्या आकाशाखाली आठशे वॅटही क्षीण पडतात, आणि तेथे उपयोगी येतो तो गाडीच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर. 30 अँपिअरचा असा चार्जर तासाभराच्या प्रवासात सुमारे 0.4 युनिट, म्हणजे फ्रिजची जवळजवळ दिवसभराची बेगमी करून देतो. पावसाळ्यात फिरणाऱ्याने दुसऱ्या पॅनेलआधी पैसा यावर घालावा.