परदेशवास आणि आजारपण : तयारी घरींच व्हावी

वांद्र्याच्या पूर्वभागांतील कलानगर, साहित्य सहवास, पत्रकार नगर या वसाहतींतून सायंकाळीं फिरावयास निघालें म्हणजे बांकांवर बसलेल्या वृद्ध मंडळींचें संभाषण हमखास कानीं पडतें. कोणाचा मुलगा न्यू जर्सीस, कोणाची मुलगी टोरांटोस, कोणाचे दोघेहि लंडनला. आणि बोलण्याचा ओघ 'यंदा केव्हां निघणार?' या प्रश्नाकडे वळतो. निवृत्तीनंतर सहा महिने तिकडे व सहा महिने इकडे असा क्रम ठेवणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत; येथील घर बंद करून कायमचें मुलांकडे जाणारींहि थोडीं नाहींत. अमेरिकेचा वाणिज्य दूतावास २०११ सालीं ब्रीच कँडीहून वांद्रे-कुर्ला संकुलांत आला, त्यामुळें व्हिसाची मुलाखत तर वांद्रेकरांच्या दाराशींच येऊन ठेपली आहे. प्रवासाच्या तयारींत भाजणी, गोडा मसाला, नातवंडांचे कपडे यांची आठवण कोणास करून द्यावी लागत नाहीं. बहुतेक घरांत अर्धवट राहते ती आकस्मिक आजारपणाची तयारी. तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वांद्र्यास असतांना आजारपणाची व्यवस्था न सांगतां झालेली असते. कुटुंबाचे डॉक्टर वर्षानुवर्षांच्या ओळखीचे असतात. औषधांच्या दुकानदारास आपल्या गोळ्या पाठ असतात. भाभा, होली फॅमिली, लीलावती हीं रुग्णालयें रिक्षाच्या अंतरावर असतात. आणि अपरात्रीं दार वाजविलें तरी शेजारी धांवून येतो. यांपैकीं कांहींहि आपण मुद्दाम उभारलेलें नसतें. दीर्घ सहवासानें तें आपोआप जमलेलें असतें. विमान सुटतांच हें सारें मागें राहतें, आणि जें येथें आपोआप मिळत होतें तें तेथें योजून मिळवावें लागतें.

परंतु आमच्या मतें खरा धोका याहून निराळा आहे. तो वैद्यकाच्या अभावाचा नाहीं, संकोचाचा आहे. मध्यरात्रीं छातींत भरून येतें, घाम सुटतो. शेजारच्या खोलींत मुलगा व सून दिवसभराच्या श्रमांनीं झोंपलेलीं असतात. त्यांस उठवावें, तर रुग्णवाहिका येणार, हजारों डॉलरांचें बिल होणार, उद्यां मुलाची कचेरी बुडणार. त्यापेक्षां 'पित्त झालें असेल' असें म्हणून आल्याचा तुकडा चघळीत पहांट होण्याची वाट पाहणें आपल्या वडील मंडळींस अधिक सभ्यपणाचें वाटतें. हृदयविकार व पक्षाघात या दोन्ही रोगांत उपचाराचें फळ तासांवर, किंबहुना मिनिटांवर, अवलंबून असतें. मेंदूच्या रक्तवाहिनींत गुठळी होऊन आलेल्या पक्षाघातांत ती विरघळविणारें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. संकोचांत घालविलेली रात्र कोणताहि निष्णात वैद्य परत आणून देऊं शकत नाहीं. तेव्हां पुढें जी जी तयारी आम्ही सांगणार आहों, तिचा हेतु एकच आहे : आईला किंवा वडिलांना 'मला बरें वाटत नाहीं' हें वाक्य पैशांचा हिशेब न करतां उच्चारतां यावें.

परक्या हवेचा प्रकृतीवर होणारा परिणाम आपल्या समाजास नवा नाहीं. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचें देहावसान झालें. थंडी, आहाराची आबाळ व क्षयासारखा रोग यांपुढें वैद्यकाचें ज्ञान असूनहि उपाय चालला नाहीं. तथापि परदेशांत कार्पेंटर कुटुंबानें त्यांस लेकीप्रमाणें संभाळलें, हेंहि विसरतां येत नाहीं. आज औषधें पुष्कळ सुधारलीं आहेत. पण आपलें माणूस जवळ असलें तरी त्याच्या हातीं योग्य माहिती असणें, ही गरज तेव्हांइतकीच आजहि आहे.

प्रथम पैशाचा प्रश्न घेऊं, कारण संकोचाचें मूळ तेथेंच आहे. अमेरिकेंत पाहुण्यांच्या व्हिसावर जाणाऱ्यांस आरोग्यविम्याची सक्ति नाहीं. आणि सक्ति नाहीं म्हणूनच तो घेण्याचें पुष्कळांकडून राहून जातें. तेथें वृद्धांसाठीं असलेली मेडिकेअर ही सरकारी योजना पाहुण्यांस लागू नाहीं. ग्रीन कार्ड मिळवून कायमचें राहावयास गेलेल्या पासष्टीपुढील मातापित्यांसहि, तेथें नोकरी केलेली नसल्यास, सामान्यतः सलग पांच वर्षें राहिल्यावरच हप्ता भरून तींत शिरतां येतें. मधल्या पांच वर्षांसाठीं त्या त्या राज्याच्या विमा-बाजारांतून विमा घ्यावा लागतो. कॅनडानें २०११ च्या डिसेंबरांत मातापित्यांसाठीं सुपर व्हिसा सुरू केला; त्यास निदान एक वर्षाचा व एक लाख कॅनेडियन डॉलरांचा विमा आवश्यक आहे. युरोपांतील शेंगेन राष्ट्रांच्या व्हिसास ३०,००० युरोंचा विमा लागतो. इंग्लंडांत अपघात व तातडीच्या विभागांतील उपचार पाहुण्यांसहि विनामूल्य मिळतात. परंतु रुग्णालयांत दाखल करून घेतल्याबरोबर, भारतीय पाहुण्यांस सरकारी दराच्या दीडपट आकार पडतो.

विमा घेतला एवढ्यानें काम संपत नाहीं. त्याचे बारीक अक्षरांतील नियम घरांतील कोणीतरी डोळ्यांखालून घालावेत. कांहीं विमे प्रत्येक उपचारास ठराविक रक्कम देतात व बाकीचें बिल आपल्यावर सोडतात. कांहीं एकूण खर्चाचा बराच भाग उचलतात. पहिल्या प्रकारचे हप्ते स्वस्त, म्हणून तेच घेण्याकडे मन ओढतें. दुसरी मेख पूर्वींच्या आजारांची. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची जुनी तक्रार यांचा खर्च बहुतेक विमे वगळतात. कांहींत मात्र जुन्या रोगानें अकस्मात उचल खाल्ल्यास मर्यादित साह्य मिळतें. अर्जांत जुना आजार लपविणें हा तर सर्वांत महाग पडणारा उपाय होय. कारण ऐन वेळीं त्याच कारणावरून मागणी नाकारली जाते. येथील आरोग्यविमाहि 'आतां आपण जाणारच' म्हणून बंद पडूं देऊं नये. तो तुटला तर परत आल्यावर जुन्या आजारांसाठीं प्रतीक्षाकाळ नव्यानें मोजला जातो. २०२४ च्या नियमांप्रमाणें हा काळ तीन वर्षांपर्यंत असूं शकतो.

आतां कागदपत्रांकडे वळूं. प्रत्येक वडील माणसाच्या नांवाचा एक कागद इंग्रजींत टंकलिखित करून घ्यावा. त्यावर जन्मतारीख, रक्तगट, पूर्वींचे आजार व शस्त्रक्रिया, न सोसणारीं औषधें, चालू औषधांचीं नांवें, मात्रा व वेळा, वांद्र्याच्या डॉक्टरांचा दूरध्वनि आणि विम्याचा क्रमांक हें सर्व यावें. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती ठळक अक्षरांत लिहावी. पक्षाघाताच्या व अपघाताच्या प्रसंगीं डॉक्टर प्रथम तेंच विचारतात. हृदयाचा जुना आलेख अवश्य बरोबर घ्यावा; नव्या आलेखांत दिसणारा बदल आजचा कीं जुना, हें त्यावरून ताडतां येतें. पेसमेकर किंवा स्टेंट बसविलेला असल्यास त्याचें कार्ड पाकिटांत ठेवावें. या कागदाची एक प्रत वडिलांच्या खिशांत, एक आईच्या पर्समध्यें, एक तिकडच्या घरीं फ्रिजच्या दारावर व एक सर्वांच्या मोबाईलांत असावी.

औषधांच्या बाबतींत नांवाचा घोटाळा फार होतो. दुकानीं नांव देश बदलतांच निरुपयोगी ठरतें. म्हणून मूळ द्रव्याचें नांव लिहावें. तेंहि कधीं बदलतें. आपण जिला पॅरासिटामॉल म्हणतों तिला अमेरिकेंत ॲसिटामिनोफेन म्हणतात. दम्याचें सालब्युटामॉल तेथें अल्ब्युटेरॉल होतें. हें ठाऊक नसल्यानें इकडून नेलेली तापाची गोळी व तिकडील सर्दीचें औषध हीं दोन्ही एकाच वेळीं घेतलीं जातात, आणि एकाच द्रव्याची दुप्पट मात्रा पोटांत जाऊन यकृतास अपाय होण्याचा संभव असतो. रक्तांतील साखर इंग्लंड व कॅनडांत निराळ्या मापानें मोजतात. त्या आंकड्यास अठरानें गुणिलें म्हणजे आपला आंकडा येतो. तेथील १० म्हणजे आपले १८०, हें ध्यानांत असावें. नाहींतर दहा हा आंकडा पाहून घरचीं माणसें घाबरून साखर चारावयाचीं! गोळ्या मूळ वेष्टनांत व चिठ्ठीसह न्याव्या. अमेरिकेंत साधारणतः तीन महिन्यांपुरत्याच नेण्याचा संकेत आहे. इन्सुलिन हातच्या सामानांतच ठेवावें. विमानाच्या पोटांतील थंडीनें तें गोठून निकामी होण्याची भीति असते. काढे व भस्में घेत असल्यास तेंहि तिकडच्या डॉक्टरांस निःसंकोचपणें सांगावें. २००४ सालीं बॉस्टन परिसरांतील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली, तेव्हां १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळला होता.

तेथें पोहोंचल्यावर पहिल्याच आठवड्यांत एक सराव करावा. दुपारीं मुलगा व सून कामावर, नातवंडें शाळेंत आणि घरांत दोघेच वृद्ध, हीच खरी कसोटीची वेळ. अमेरिका व कॅनडांत ९११, इंग्लंडांत ९९९, युरोपांत ११२, ऑस्ट्रेलियांत ०००, हे तातडीचे क्रमांक आहेत. घराचा पत्ता इंग्रजींत मोठ्या अक्षरांत फोनजवळ लावावा व तो उच्चारून पाहावा. कुलूप कसें उघडतें, शेजारच्या घरीं कोण असतें, हें दाखवून ठेवावें. इंग्रजी नीट येत नसल्यास आईनें भिऊं नये. सरकारी साह्य घेणाऱ्या अमेरिकन रुग्णालयांस दुभाषी विनामूल्य द्यावा लागतो, आणि 'मराठी' एवढा शब्द सांगितला तरी दूरध्वनीवर तो मिळूं शकतो. १९८६ च्या कायद्यानें तेथील तातडीच्या विभागांस, पैसे देण्याची ऐपत न पाहतां, रोग्याची तपासणी करून त्याची प्रकृति स्थिर करावी लागते. बिल अर्थात् मागाहून येतेंच. तें आल्यावर घाबरून लगेच न भरतां तपशीलवार मागावें. धर्मादाय तत्त्वावर चालणाऱ्या रुग्णालयांस आर्थिक साह्याचें लेखी धोरण ठेवावें लागतें. त्याचीहि चौकशी करावी.

शेवटीं सर्वांत नाजूक गोष्ट. रोगी शुद्धीवर नसतांना निर्णय कोणीं घ्यावयाचा? एकत्र कुटुंबांत हा प्रश्न उच्चारणें अशुभ मानण्याकडे कल असतो, आणि मग ऐन प्रसंगीं न्यू जर्सीचा मुलगा एक म्हणतो, वांद्र्याची लेक दुसरें म्हणते, आणि मुंबईची पहांट व तिकडची सायंकाळ यांत नऊ-दहा तासांचें अंतर पडून दोहोंचाहि जीव टांगणीस लागतो. अमेरिकेंत आपला वैद्यकीय प्रतिनिधि लेखी नेमतां येतो. प्रत्येक राज्याचा त्यासाठीं स्वतंत्र नमुना असतो. भारतांतहि सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली, आणि २०२३ सालीं त्याची रीति सोपी करून दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्या साक्षांकनावर तें करतां येईल असें ठरविलें. दोन्ही देशांत वास्तव्य असणाऱ्यांनीं दोन्हीकडील कागद करावेत. तसेंच येथील घराची किल्ली कोणापाशीं, बँकेच्या खात्यावर दुसरी सही कोणाची, अकस्मात परत यावें लागल्यास विमानतळावर कोण येणार, हेंहि निघण्यापूर्वीं ठरलेलें असावें.

हीं सर्व कामें एकट्या वडिलांवर किंवा एकट्या मुलावर टाकण्याजोगीं नाहींत. एखाद्या रविवारीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें. परदेशच्या मुलांनीं मोबाईलवरून हजर राहावें. आणि त्या बैठकींत मुलानें किंवा मुलीनें एक गोष्ट आपण होऊन, स्पष्ट शब्दांत सांगावी : 'विमा घेतलेला आहे, पैशाची सोय झालेली आहे, रात्रीं कितीहि वाजले असोत, आम्हांस उठवा.' वडील मंडळींनींहि तितक्याच स्पष्टपणें 'उठवूं' असें वचन द्यावें. आम्हांस विचाराल, तर साऱ्या कागदपत्रांहून या वचनाची किंमत अधिक आहे. आयुष्यभर ज्यांनीं मुलांच्या दुखण्यांत रात्री जागून काढल्या, त्यांस मुलांची एक रात्र मागण्याचा अधिकार आहे. मात्र तो अधिकार आहे हें त्यांस कोणीतरी सांगावें लागतें.