काठ कुणी व्हायचं?

उंदराच्या गर्भात दहाव्या दिवशी पुढचा मेंदू म्हणजे पेशींचा एकपदरी पापुद्रा असतो. प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच. तरी यातली कुणी मेंदूच्या बाहेरच्या थराची, म्हणजे कॉर्टेक्सची होणार, कुणी आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसची. कोणत्या पेशीत कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, यावर सगळं अवलंबून.

या पापुद्र्याच्या आतल्या कडेला एक चिंचोळी पट्टी असते. शास्त्रज्ञ तिला 'हेम' म्हणतात, म्हणजे कापडाचा काठ. काठातल्या पेशी रासायनिक निरोप सोडतात आणि तो ऐकून शेजारच्या पेशी हिप्पोकॅम्पस होतात. पण काठ कुणी व्हायचं आणि कुणी नाही?

मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांनी सहकाऱ्यांसह याचं उत्तर शोधलं. २००८ साली ते प्रसिद्ध झालं. एलएचएक्स२ नावाचं एक जनुक आहे. त्याच्यापासून बनणारं प्रथिन डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतं आणि इतर जनुकांना चालू-बंद करतं. ते ज्या पेशीत आहे, ती काठ होत नाही.

हे जनुक मुळातच नसलेल्या भ्रूणात काठ पसरत जातो आणि हिप्पोकॅम्पस तयारच होत नाही. निरोप भरपूर, पण ऐकायला कुणी उरलेलं नाही! मग त्यांनी सरमिसळ भ्रूण पाहिले: काही पेशींत जनुक आहे, काहींत नाही. जिथे जिथे जनुक नसलेल्या पेशींचा ठिपका पडला, तिथे तो ठिपका काठ बनला आणि त्याला लागून असलेल्या धडधाकट पेशींनी हिप्पोकॅम्पस घडवायला घेतला. एकाच मेंदूत ठिकठिकाणी हिप्पोकॅम्पस! हे मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा पान उलटवेना. ठिपका स्वतः हिप्पोकॅम्पस झालाच नाही, त्यानं शेजाऱ्यांना कामाला लावलं.

यातही वेळ साधावी लागते. चेतापेशी जन्माला येऊ लागण्याआधीच्या थोड्या अवधीत हे जनुक काढलं, तरच काठ पसरतो. नंतर काढलं, तर कॉर्टेक्स कॉर्टेक्सच राहतो. पण प्रथिनाचं काम तिथे संपत नाही. काही दिवसांनी, घडत्या हिप्पोकॅम्पसमध्ये, तेच प्रथिन वेगळीच राखण करतं: मूळ पेशी चेतापेशी बनवत राहतात. ते काढून घेतलं, की मूळ पेशी चेतापेशी सोडून वेळेआधीच त्यांना आधार देणाऱ्या तारकापेशी बनवू लागतात.