माल ट्रकात चढवण्यापूर्वी : ट्रान्सपोर्टवाल्याची पारख कशी करावी?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी किंवा सुरतहून निघालेली कापडाची गाठ मुरूड, म्हसळा किंवा श्रीवर्धनच्या दुकानात येईपर्यंत बहुधा दोन गाड्या बदलते. मोठा ट्रक पनवेल किंवा माणगावपर्यंत येतो, पुढे टेम्पो. या सर्व प्रवासात माल आपला, पण ताबा दुसऱ्याचा. असे असूनही आपले व्यापारी बंधू मीटरमागे एक-दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करतात आणि ट्रान्सपोर्टवाल्याला मात्र "भाडे किती?" एवढेच विचारतात. ओळख आहे, सलाम-दुआ आहे, एवढ्यावर लाखाचा माल सोपवला जातो. ओळख चांगलीच, पण नुकसान झाले की ओळख कामी येत नाही, कागद कामी येतो.

प्रथम कंपनीकडे पाहू. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी २००७ साली नवा कायदा झाला आणि १ मार्च २०११ पासून तो लागू झाला. त्याने १८६५ सालचा इंग्रजी अमदानीतील कायदा रद्द केला. नव्या कायद्याप्रमाणे लोकांचा माल भाड्याने नेणाऱ्याला परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी १० वर्षांची असते. ज्याच्याकडे स्वतःचा एकही ट्रक नाही, जो फक्त माल बुक करून दुसऱ्याच्या गाडीत चढवतो, तो एजंट किंवा दलालही या कायद्यात येतो. म्हणून पाटी पाहून समाधान मानू नये. नोंदणीचा नंबर व मुदत विचारावी, प्रमाणपत्राची नक्कल मागावी. सचोटीने धंदा करणाऱ्याला याचा राग येण्याचे कारण नाही.

दुसरी तपासणी गाडीची. अमेरिकेत मालवाहू कंपनीचा सरकारी नंबर टाकला की तिच्या गाड्यांची तपासणी आणि गेल्या २४ महिन्यांतील अपघात कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे सामान्य व्यापाऱ्याला अशी कंपनीवार नोंद एका जागी मिळत नाही. पण एकेका गाडीची माहिती सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर मिळते. नंबर टाकला की गाडीचा वर्ग, फिटनेसची, विम्याची आणि पीयूसीची मुदत दिसते. दंडाची थकबाकी ई-चलानच्या सरकारी पोर्टलवर कळते. एकाच कंपनीच्या चार-पाच गाड्या अशा तपासल्या की मालक देखभाल कशी करतो, याचा अंदाज येतो.

फिटनेसचा हिशेब सोपा आहे. नव्या मालवाहू गाडीला पहिली २ वर्षे, नंतर गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी प्रमाणपत्र घ्यावे लागते. नंबरप्लेटही पाहावी. भाड्याने चालणाऱ्या डिझेल गाडीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाड्याने माल देऊ नये. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या छोट्या टेम्पोला परमिट लागत नाही, पण फिटनेस आणि विमा त्यालाही लागतोच. तेव्हा माणगावला माल ज्या टेम्पोत बदलतो, त्याचा नंबरही वेगळा मागून घ्यावा.

चालकाच्या लायसन्सकडेही दुर्लक्ष करू नये. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवू शकतो. त्यापुढच्या ट्रकला जड वाहनाचेच लायसन्स हवे. घोणसे घाटात किंवा कशेडी घाटात ब्रेक निकामी झालेला ट्रक फक्त आपल्या गाठी बुडवत नाही. त्याच रस्त्याने आपली मुलेबाळे एसटीने आणि रिक्षाने जात असतात.

आता बिल्टी. खरी मेख इथेच आहे. नुकसान झाल्यास ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारणतः भाड्याच्या १० पटीपर्यंतच मर्यादित असते. समजा, १ लाख २० हजारांचा माल आहे आणि भाडे ९०० रुपये. ट्रक उलटला किंवा गाठी भिजल्या तर हाती येतील फार तर ९ हजार. उरलेले १ लाख ११ हजार गेले! ही मर्यादा टाळायची असेल, तर माल देताना किंमत लेखी नोंदवून जादा जोखमीचा दर कबूल करावा लागतो. भाडे थोडे वाढते, पण दावा करता येतो. अशा दाव्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा बोजा व्यापाऱ्यावर नसतो.

मात्र बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे "बघू, करू, ईदनंतर या" यातच सहा महिने निघून जातात आणि हक्क बुडतो. माल कमी किंवा भिजलेला आला तर पोचपावतीवर तिथल्या तिथे शेरा मारावा, फोटो काढावा आणि नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून तिची नक्कल जपावी.

विम्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ट्रकचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा ट्रकमधील मालाची भरपाई देत नाही. शिवाय वाहतूकदाराने योग्य काळजी घेतली असेल, तर दैवी आपत्तीतील नुकसान त्याच्यावर टाकता येत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले, हे कोण विसरेल? म्हणून पावसाळ्यात तरी प्रवासातील मालाचा विमा व्यापाऱ्याने स्वतः काढावा.

शेवटी एक गोष्ट मालापेक्षाही मोलाची. गाठींसोबत दुकानातल्या पोराला ट्रकमध्ये बसवून देण्याची आपल्याकडे रीत आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी ट्रकच्या विम्यात धरला जातो. पण वाटेत फुकट बसलेला प्रवासी त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले आहे. माणूस पाठवायचाच असेल तर तो मालासोबत जात असल्याची चिठ्ठी दुकानाच्या शिक्क्यासह द्यावी. पाहुण्यांना आणि ओळखीच्यांना मालाच्या गाडीत बसवू नये.

नोंदणी, गाडीचा नंबर, बिल्टीवरची किंमत आणि विमा, या चार गोष्टी पाहायला दहा मिनिटे पुरतात. वहीत ट्रान्सपोर्टसाठी एक पान ठेवावे आणि प्रत्येक खेपेला तारीख, गाडीचा नंबर व मालाची अवस्था लिहावी. वर्षभरात कोणाला माल द्यावा आणि कोणाला देऊ नये, हे ते पानच सांगेल.